सतत वाढणारा, तरीही उंच न होणारा डोंगर

२०२२ च्या फेब्रुवारीत भारताचा महिला क्रिकेट संघ न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, क्वीन्सटाउनला एकदिवसीय मालिका खेळला. पहाटे उठून ते सामने पाहिलेल्यांना मैदानामागची डोंगररांग आठवत असेल. दातेरी कडा, उघडाबोडका तपकिरी उतार, झाड असं नाहीच. ‘द रिमार्केबल्स’ हे त्या रांगेचं नाव. क्वीन्सटाउनला वर्षभरात एक मीटरही पाऊस पडत नाही. तिथून वायव्येला सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटरवर मिलफर्ड साउंड नावाची खाडी आहे. तिथे वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कड्यांवर शेवाळलेलं घनदाट जंगल आहे.

इतक्या कमी अंतरात एवढा फरक कसा पडतो, हे पहिलं कोडं. आपल्याला ते अगदीच अनोळखी नाही. महाबळेश्वरला धो-धो पाऊस आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत फलटण-माणच्या शिवारात पाण्यासाठी आभाळाकडे नजर, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

दुसरं कोडं मात्र सह्याद्रीत नाही. न्यूझीलंडच्या या पर्वताखालचा खडक अजूनही वर उचलला जातो आहे. सर्वांत वेगवान भागात तो वर्षाला सुमारे १० मिलिमीटर उठतो. दहा लाख वर्षांत १० किलोमीटर! या हिशेबाने आजवर एव्हरेस्ट केव्हाच मागे पडायला हवा होता. प्रत्यक्षात सर्वोच्च शिखर आओराकी, म्हणजेच माउंट कुक, भरतं ३,७२४ मीटर. मग उरलेली उंची गेली कुठे?

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे. डोंगर पाऊस पाडतो आणि तोच पाऊस डोंगराची उंची व आकार ठरवतो.

बेटाचा कणा

सदर्न आल्प्स ही दक्षिण बेटाच्या जवळजवळ संपूर्ण लांबीतून ईशान्य-नैर्ऋत्य जाणारी, सुमारे ५०० किलोमीटरची पर्वतरांग. कॅप्टन जेम्स कुकने मार्च १७७० मध्ये जहाजावरून तिची बर्फाच्छादित शिखरं पाहिली आणि युरोपातल्या आल्प्सवरून हे नाव दिलं. त्याआधी कित्येक शतकं माओरी लोक हा पर्वत ओळखत होते.

दक्षिण बेटावरच्या न्गाई ताहू या माओरी समाजाची कथा अशी: आकाशाचा मुलगा आओराकी आपल्या भावांसह नावेतून समुद्रात फिरायला निघाला. परतताना नाव अडकली आणि कलंडली. तिची पश्चिमेकडची बाजू पाण्याबाहेर उंच राहिली. भाऊ त्या उंच कडेवर चढले आणि तिथेच दगड झाले. नाव म्हणजे दक्षिण बेट आणि दगड झालेले भाऊ म्हणजे ही शिखरं. १९९८ च्या कायद्याने शिखराला ‘आओराकी/माउंट कुक’ असं जोडनाव अधिकृतपणे मिळालं. या कथेतली कलंडलेली नाव लक्षात ठेवा, कारण भूगोलही जवळजवळ तेच सांगतो. पर्वताचा माथा बेटाच्या मध्यावर नाही. तो पश्चिमेला सरकलेला आहे. आओराकीच्या परिसरात मुख्य कण्यापासून पश्चिमेचा समुद्र अवघ्या तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. पूर्वेचा किनारा त्याच्या कितीतरी पट दूर.

वारा चढतो आणि पाऊस पडतो

दक्षिण बेट साधारण ४० ते ४७ अंश दक्षिण अक्षांशांत येतं. या पट्ट्यात पश्चिमेकडून जोरदार वारे वर्षभर वाहतात. शिडाच्या जहाजांच्या काळातले खलाशी त्यांना ‘गर्जणारे चाळीस’ म्हणत. ऑस्ट्रेलियापासून न्यूझीलंडपर्यंत सुमारे २,००० किलोमीटर मोकळा टास्मान समुद्र आहे. त्यावरून येताना वारा बाष्पाने भरतो आणि पहिलाच अडथळा लागतो तो थेट तीन हजार मीटरच्या भिंतीचा.

वाऱ्याला वर चढावंच लागतं. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे चढणारी हवा फुगते. फुगताना तिची उष्णता खर्च होते आणि ती थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावतं. जादा बाष्पाचे थेंब होतात, ढग दाटतात आणि पाऊस कोसळतो. किनाऱ्यावरच्या होकिटिका गावी वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस होतो. गावामागच्या डोंगरातल्या क्रॉप नदीच्या खोऱ्यात सरासरी ११ मीटरच्याही पुढे जाते, म्हणजे थेट चेरापुंजीच्या पंगतीत. १९९७-९८ मध्ये तिथे बारा महिन्यांत १८,४४२ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. सह्याद्रीवर हा खेळ मान्सूनच्या चार महिन्यांत आटोपतो. इथे पावसाला सुट्टीचा हंगामच नाही.

वारा उतरतो आणि तापतो

माथा ओलांडेपर्यंत हवेतलं बरंचसं पाणी पडून गेलेलं असतं. आता ती पूर्वेकडे उतरते. पूर्वेचा उतार म्हणजे पर्जन्यछायेचा प्रदेश. मध्य ओटागोतल्या अलेक्झांड्रा गावी वर्षाला ३५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्याकडच्या माण-खटावपेक्षाही कमी.

गंमत पुढे आहे. चढताना हवा जेवढी थंड झाली, उतरताना त्याहून अधिक तापते. कारण असं, की बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. पाण्याची वाफ करायला जी उष्णता लागली होती, तीच परत मिळते. म्हणून ढगातून चढणारी हवा हळू थंड होते, दर किलोमीटरला साधारण ६ अंश. उतरणाऱ्या कोरड्या हवेला मात्र असा कोणताच आधार नसतो. दाब वाढला की ती सरळ दर किलोमीटरला १० अंशांनी तापते. सोपं गणित करू. पश्चिम किनाऱ्यावर १८ अंशांची, बाष्पाने काठोकाठ भरलेली हवा अडीच किलोमीटर चढली तर १५ अंश गमावून ३ अंशांवर येईल. पलीकडे तेवढंच उतरताना २५ अंश कमावेल. म्हणजे पूर्वेच्या पायथ्याशी ती पोचेल २८ अंश होऊन.

पूर्वेच्या कँटरबरी भागात या गरम, कोरड्या, झोंबणाऱ्या वाऱ्याला ‘नॉरवेस्टर’ म्हणतात. तो सुटला की पश्चिमेच्या आकाशात ढगांची लांब कमान दिसते आणि तिच्याखाली निळ्या आभाळाची पट्टी. ७ फेब्रुवारी १९७३ रोजी अशाच वाऱ्यात क्राइस्टचर्चचा पारा ४१.६ अंशांवर गेला. जवळच्या रँगिओरात त्याच दिवशी ४२.४ अंशांची नोंद झाली.

डोंगर आला कुठून?

पृथ्वीचं बाहेरचं कवच अनेक प्रचंड तुकड्यांचं बनलेलं आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात आणि ते अतिशय मंदपणे सरकत असतात. पॅसिफिक आणि ऑस्ट्रेलियन या दोन भूपट्टांची सीमा नेमकी दक्षिण बेटातून जाते. जमिनीवर ही सीमा ‘आल्पाइन फॉल्ट’ या प्रस्तरभंगाच्या रूपात दिसते. प्रस्तरभंग म्हणजे खडकातली अशी चीर, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकतात. सदर्न आल्प्सच्या पश्चिम पायथ्याला ही चीर शेकडो किलोमीटर जवळजवळ सरळ रेषेत धावते आणि उपग्रहचित्रात स्पष्ट ओळखू येते.

इथे भूपट्ट समोरासमोर भिडत नाहीत, तिरके घासतात. त्यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली म्हणजे आडवी सरक, वर्षाला सुमारे २७ मिलिमीटर. दुसरी म्हणजे दाब. त्या दाबाने पूर्वेचा पॅसिफिक भूपट्ट चिरेवरून तिरका वर चढतो. हाच वर चढलेला भाग म्हणजे सदर्न आल्प्स.

आडवी सरक किती मोठी आहे हे हॅरल्ड वेलमन या भूवैज्ञानिकाने १९४० च्या दशकात ओळखलं. बेटाच्या उत्तरेला नेल्सन भागात आढळणारे खडक आणि दक्षिणेला ओटागोत आढळणारे खडक सारखेच आहेत, हे त्याने दाखवलं. एकेकाळी ते शेजारी होते आणि चिरेने त्यांना सुमारे ४८० किलोमीटरने दूर नेलं. भूपट्टांचा सिद्धान्त मान्य व्हायला तेव्हा अजून दोनेक दशकं बाकी होती. जमीन इतकी सरकू शकते, हे अनेक तज्ज्ञांना पटायला वेळ लागला.

वीस किलोमीटर उचल, चार किलोमीटरही उंची नाही

गेल्या काही दशलक्ष वर्षांत इथला खडक एकूण सुमारे २० किलोमीटर वर आला आहे. तरी शिखरं चार हजार मीटरच्या आतच आहेत. हे कसं, ते समजायला स्वयंपाकघरातल्या किसणीची मदत घेऊ.

किसणी वर आडवी धरली आहे आणि खालून एक लांब गाजर तिच्यावर दाबत घासतो आहोत, असं समजा. हात गाजराला सतत वर सरकवतो. पण गाजराचं टोक किसणीच्या पुढे जात नाही, कारण जेवढं वर सरकतं तेवढं किसलं जातं. गाजर संपत जातं, कीस साचत जातो आणि टोक तिथल्या तिथेच. सदर्न आल्प्समध्ये भूपट्टांचा दाब म्हणजे तो हात, खडक म्हणजे गाजर, आणि पाऊस, बर्फ, दरडी व नद्या मिळून किसणी.

ही किसणी किती धारदार आहे, याचा पुरावा १४ डिसेंबर १९९१ च्या मध्यरात्रीनंतर मिळाला. आओराकीच्या माथ्याचा भाग तुटून खाली आला. एक कोटी घनमीटरहून अधिक दगड आणि बर्फ काही मिनिटांत घसरत खालच्या टास्मान हिमनदीपर्यंत पोचला. तोवर शिखराची उंची ३,७६४ मीटर मानली जाई. ती एका रात्रीत सुमारे १० मीटरने घटली. उरलेली निमुळती बर्फाची टोपी पुढच्या वर्षांत झिजत गेली. नव्या मोजणीनंतर २०१४ मध्ये ३,७२४ मीटर हा आकडा जाहीर झाला. उचलीच्या सर्वाधिक वेगानेही हे ४० मीटर भरून यायला चार हजार वर्षं लागतील.

पाऊस डोंगराला आकार देतो

किसणी सगळीकडे सारखी धारदार नाही. पश्चिमेला पाऊस प्रचंड, म्हणून झीजही प्रचंड. तिथल्या दऱ्या अरुंद, खोल आणि उभ्या आहेत. वरचं ओझं जिथे झपाट्याने हटतं, तिथेच खालून नवा खडक वर येणं सोपं जातं. त्यामुळे सर्वांत खोलातला खडक आज पश्चिम पायथ्याशी, चिरेला लागून उघडा पडलेला दिसतो. तो ‘शिस्ट’ जातीचा, म्हणजे खोलवरच्या उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला, पापुद्र्यांचा चमकदार दगड. पूर्वेला झीज मंद असल्यामुळे तिथे वरचाच खडक टिकून आहे. हा ‘ग्रेवॅक’, प्राचीन समुद्रतळाशी साचलेल्या वाळू-चिखलाचा करडा दगड. तो कठीण असला तरी भेगांनी भरलेला असतो. भेगांतलं पाणी गोठून फुगलं की त्याचे तुकडे सुटतात आणि उतारांवर खडीचे लोट साचतात.

पश्चिमेचा खडक इतक्या वेगाने वर येतो, की थंड व्हायलाही त्याला पुरेसा वेळ मिळत नाही. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी व्हाटारोआ गावाजवळ आल्पाइन फॉल्टच्या दिशेने खोल भोक पाडलं, तेव्हा अवघ्या ६३० मीटर खोलीवर तापमान १०० अंशांच्या वर आढळलं. जगात सर्वसाधारणपणे इतकं तापमान गाठायला तीन किलोमीटरच्या आसपास खाली जावं लागतं. जवळपास ज्वालामुखी नाही. ही उष्णता खालून घाईघाईने वर आलेल्या खडकाने सोबत आणलेली आहे, आणि मुरलेलं पावसाचं पाणी ती दऱ्यांच्या तळाकडे वाहून आणतं.

कीस गेला कुठे?

पश्चिमेचा बहुतेक गाळ नद्या थेट टास्मान समुद्रात टाकतात. पूर्वेच्या गाळाने मात्र नवी जमीन तयार केली. क्राइस्टचर्चच्या मागे पसरलेलं कँटरबरीचं मैदान, न्यूझीलंडमधलं सर्वांत मोठं सपाट मैदान, हे वायमाकारिरी, राकाइया, रँगिटाटा अशा नद्यांनी आल्प्समधून आणलेल्या खडी-गोट्यांचं आहे. या नद्या एका पात्रात नीट वाहत नाहीत. गाळ इतका, की पात्र भरतं, पाणी शेजारून वाट काढतं, तीही भरते. परिणामी किलोमीटरभर रुंद खडीच्या पट्ट्यात पाण्याच्या अनेक धारा वेणीसारख्या फुटतात आणि पुन्हा मिळतात.

पर्यटकांच्या छायाचित्रांतली टेकापो आणि पुकाकी ही दुधाळ निळी तळीही याच झिजेची देणगी. हिमनदी सरकताना तळाचा खडक दळला जातो. त्याचं पीठ इतकं बारीक असतं, की ते पाण्यात महिनोन्‌महिने तरंगत राहतं. हे कण सूर्यप्रकाशातली निळी-हिरवी छटा विखुरतात. पुकाकी हा न्यूझीलंडच्या जलविद्युत व्यवस्थेतला सर्वांत मोठा साठा आहे. देशाची निम्म्याहून अधिक वीज पाण्यापासून बनते. पश्चिमेचा वारा माथा ओलांडताना थोडं बर्फ आणि पाऊस पलीकडे सांडतो, त्यावर ही तळी भरतात.

रानात उतरणारं बर्फ

पश्चिमेला फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्या समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरपर्यंत, हिरव्यागार वर्षावनाच्या शेजारी उतरत आल्या आहेत. एरवी इतक्या खाली बर्फ टिकणार नाही. पण वर दरवर्षी मीटरच्या मीटर बर्फ पडतं आणि उतार उभा आहे. त्यामुळे वितळण्याच्या आतच नवं बर्फ खाली पोचतं. पूर्वेची टास्मान हिमनदी अगदी उलट. देशातली सर्वांत लांब, वीस किलोमीटरहून अधिक, मंद आणि वरून दगडगोट्यांनी झाकलेली.

न्यूझीलंडमध्ये १९७८ च्या गणनेत ३,१४४ हिमनद्या नोंदल्या गेल्या. १९८३ ते २००८ या काळात जगभरातल्या हिमनद्या आटत असताना इथल्या किमान ५८ हिमनद्या काही काळ पुढे सरकल्या, कारण त्या वर्षांत या भागातली हवा आणि समुद्र थोडे थंड होते. त्यानंतर सर्वत्र माघार सुरू आहे. टास्मान हिमनदीच्या तोंडाशी आज मोठं तळं आहे. १९७० च्या दशकाआधी ते नकाशावर नव्हतं. फ्रान्झ जोसेफवर पूर्वी पर्यटक दरीतून चालत जात. आता बर्फावर पाऊल ठेवायला हेलिकॉप्टर लागतं.

पुढचा धक्का

चीर वर्षाला २७ मिलिमीटर सरकते, हे सरासरीचं गणित. प्रत्यक्षात खडक एकमेकांत अडकून बसतात, ताण साचतो आणि मग एका झटक्यात कित्येक मीटरची सरक होते. आल्पाइन फॉल्टवरचा शेवटचा मोठा भूकंप १७१७ मधला, ८ च्या आसपास तीव्रतेचा. होकुरी ओढ्याच्या गाळात गेल्या ८,००० वर्षांतल्या २४ भूकंपांच्या खुणा सापडल्या. दोन भूकंपांमधलं सरासरी अंतर निघालं सुमारे ३३० वर्षांचं. २०२१ च्या एका अभ्यासानुसार पुढच्या ५० वर्षांत तिथे मोठा भूकंप होण्याची शक्यता ७५ टक्के आहे. फ्रान्झ जोसेफ गाव थेट या चिरेवर वसलेलं आहे. असा भूकंप झाला तर खिंडींतले मोजके रस्ते दरडींनी बंद होतील, हे धरून तिथल्या यंत्रणा तयारी करत आहेत.

थोडक्यात

- पॅसिफिक भूपट्ट तिरका चढत असल्याने सदर्न आल्प्स उठतात. वेग वर्षाला जास्तीत जास्त सुमारे १० मिलिमीटर.
- पश्चिमेचे ओले वारे डोंगर चढताना पाऊस टाकतात, पूर्वेला कोरडे आणि गरम होऊन उतरतात.
- पश्चिमेचा पाऊस डोंगर झपाट्याने झिजवतो. म्हणून उचल २० किलोमीटरची, पण शिखर ३,७२४ मीटरचं.
- झिजलेल्या दगडातून कँटरबरीचं मैदान, वेणीसारख्या नद्या आणि निळी तळी घडली.

शाळेत आपण पर्वतांच्या उंच्या पाठ करतो, जणू त्या कायमच्या ठरलेल्या आहेत. उंची म्हणजे उचल आणि झीज यांच्या हिशेबातली आजची शिल्लक. हिमालयाचं शिखर असो की आल्प्सचं, त्याची उंची वाचताना दोन प्रश्न सोबत विचारायला हवेत: खालून किती वेगाने येतं आणि वरून किती वेगाने जातं? घरातल्या जुन्या नकाशासंग्रहात माउंट कुकसमोर ३,७६४ छापलेलं असेल, तर तो आकडा खोडून ३,७२४ लिहा. आणि पेन्सिलनेच लिहा, कारण तो पुन्हा बदलणार आहे.